स्कॉर्पिओ-एन की क्लासिक: कुटुंबासाठी नव्या गाडीत नेमकं काय सुधारलं?

महिंद्राने २७ जून २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एन बाजारात आणली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या स्कॉर्पिओला ‘क्लासिक’ नाव देऊन तीही विक्रीत ठेवली. एन चाकणला तयार होते, क्लासिक नाशिकला. एकाच नावाच्या दोन पिढ्या एकाच शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असल्यामुळे नवी गाडी जुनीपेक्षा चांगली आहे का, हे आठवणीवर विसंबून न ठरवता टेप लावून आणि चालवून तपासता येतं. अशी संधी इतर गाड्यांच्या बाबतीत सहसा मिळत नाही.

माझं मत आधीच सांगतो. चालवणाऱ्याच्या आणि मधल्या रांगेतल्या माणसांच्या दृष्टीने एन खूप पुढे गेली आहे, त्यात वाद नाही. पण तिसरी रांग आणि सामान यांचा हिशेब जिथे येतो तिथे लांबी वाढूनही गाडी पुढे सरकलेली नाही. ‘फॅमिली एसयूव्ही’ म्हणून घेणाऱ्या बऱ्याच जणांना हे कळतं ते डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या मोठ्या प्रवासात, म्हणून हा लेख.

आधी मापं. एन ४,६६२ मिलिमीटर लांब, १,९१७ रुंद आणि १,८५७ उंच; व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,७५०. क्लासिक ४,४५६ लांब, १,८२० रुंद, १,९९५ उंच, व्हीलबेस २,६८०. म्हणजे नवी गाडी २०६ मिलिमीटरने लांब झाली, ९७ ने रुंद झाली, पण १३८ ने बुटकी झाली. पुढे जे काही चांगलं-वाईट सांगणार आहे त्यातलं बरंचसं या तीन आकड्यांतून निघतं.

दोन्ही गाड्या लॅडर फ्रेमवरच्या. खाली शिडीसारखी पोलादी चॅसी, तिच्यावर रबरी माउंटिंगवर बसवलेली बॉडी. मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आडवा दांडा, आणि कॉइल स्प्रिंग. कागदावर वाचलं तर फारसा फरक वाटत नाही. फरक आहे तो ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याच्या पद्धतीत.

अखंड ॲक्सल वर-खाली होताना डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याला काहीतरी आडवा आधार लागतो. सर्वसाधारण पद्धत म्हणजे एकच आडवा रॉड, एक टोक चॅसीला आणि दुसरं ॲक्सलला. तो रॉड कंसात फिरतो, त्यामुळे ॲक्सल वर जाताना थोडा बाजूलाही ढकलला जातो. वळणात खड्डा आला की गाडीचं शेपूट किंचित उडी मारून बाजूला बसतं, ते यामुळे. एनमध्ये पाच लिंकची रचना आहे आणि तिच्यात वॅट्स लिंकेज वापरलं आहे: दोन आडवे दांडे आणि मध्ये फिरणारा एक छोटा जोड. एका दांड्याची बाजूला सरकण्याची ओढ दुसरा दांडा रद्द करतो आणि ॲक्सल जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली होतो. सोबत शॉकअपमध्ये अशी झडप आहे की छोट्या, भराभर येणाऱ्या खड्ड्यांवर तेल मोकळं वाहतं आणि लांब, मोठ्या हेलकाव्यावर ते अडवलं जातं. म्हणून पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर एन मऊ वाटते आणि द्रुतगती मार्गावर लेन बदलताना जुन्या गाडीइतकी झुकत नाही. उंची कमी झाल्याचाही यात मोठा वाटा आहे.

क्लासिकमध्ये मागे बसणाऱ्यांना घाटात मळमळतं, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. उंच गाडी आधी एका बाजूला कलते, मग उशिरा सावरते. पोटात ढवळतं ते या उशिरा सावरण्यामुळे. एनमध्ये मधल्या रांगेत ही तक्रार लक्षणीय कमी होते. तिसऱ्या रांगेत मात्र माणूस ॲक्सलच्या जवळजवळ वरच बसतो, तिथे धक्के दोन्ही गाड्यांत लागतात. गाडीत दोघंच असतील तर एनचं मागचं टोक थोडं टणकही वाटतं, कारण स्प्रिंग सात माणसांच्या वजनासाठी निवडलेल्या आहेत. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन आणि तुम्ही असे दोघंच गेलात तर गाडीचं निम्मंच रूप दिसेल. किमान चौघं बसवून न्या.

टायरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. १८ इंची चाकं घेतली की गाडी आदळते आणि १७ इंचीत आराम मिळतो, असं सरसकट सांगितलं जातं. एनचे टायर १७ इंचीत २४५/६५ आणि १८ इंचीत २५५/६० आहेत. टायरच्या भिंतीची उंची काढली तर पहिल्याची १५९ मिलिमीटर, दुसऱ्याची १५३. फक्त ६ मिलिमीटरचा फरक. क्लासिकच्या २३५/६५ टायरची भिंतही १५३ च्या आसपासच येते. तेव्हा आरामासाठी व्हेरिएंट खाली उतरवू नका. हवा बरोबर भरा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे आकडे दिलेले असतात. पंपावरचा माणूस ‘मोठी गाडी आहे’ म्हणून चारही चाकांत चाळीस भरतो आणि मग सस्पेन्शनला दोष लागतो. १८ इंचीचा खरा तोटा आहे तो टायर बदलायच्या वेळच्या खर्चात.

इंजिनाच्या बाबतीत तुलना एकतर्फी आहे. क्लासिकला २.२ लिटरचं एमहॉक डिझेल, १३२ पीएस ताकद आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर), सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, मागच्या चाकांना ताकद. पर्याय संपले. पेट्रोल नाही, ऑटोमॅटिक नाही, फोर-व्हील ड्राइव्ह नाही. एनच्या वरच्या डिझेल व्हेरिएंटना १७५ पीएस, टॉर्क मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन-मीटर. दोन लिटरच्या टर्बो पेट्रोलला २०३ पीएस. एनच्या सगळ्यात खालच्या डिझेलमध्ये मात्र १३२ पीएस आणि ३०० न्यूटन-मीटरच मिळतात, म्हणजे क्लासिकइतकेच आकडे. बुकिंगच्या कागदावर नुसतं ‘एन डिझेल’ लिहू देऊ नका. पीएसचा आकडा लिहून घ्या.

सात माणसं आणि सामान घेऊन ताम्हिणी किंवा आंबा घाट चढताना हा फरक पायाला जाणवतो. क्लासिकमध्ये दुसरा-तिसरा असा खेळ सतत चालू राहतो, क्लच अर्धवट दाबून वळण काढायची सवय लागते आणि क्लच प्लेट लवकर जाते. एनच्या ऑटोमॅटिकमध्ये आयसिन कंपनीचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे. त्यात घासून संपणारी क्लच प्लेट नाही आणि चढावर ट्रॅफिक थांबला तरी गाडी मागे घसरत नाही. उतरताना मात्र ‘डी’मध्ये ठेवून ब्रेकवर पाय ठेवू नका. लिव्हर मॅन्युअल बाजूला घ्या, दुसरा किंवा तिसरा गिअर धरा आणि इंजिनाला गाडी रोखू द्या. भरलेली गाडी अडीच टनांच्या पुढे जाते. नुसत्या ब्रेकवर घाट उतरवला की डिस्क तापतात, पेडल मऊ पडतं आणि घाटाच्या तळाशी, जिथे ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते, तिथे ते कमी लागतात. क्लासिकच्या मागच्या चाकांना ड्रम आहेत, एनला मागेही डिस्क. पावसाळ्यात चिखल ड्रममध्ये साठून कुरकुर सुरू होते, ती कटकट नव्यात कमी.

डिझेल की पेट्रोल हे ठरवताना ॲव्हरेजपेक्षा वापर बघा. बीएस-६ डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारं फिल्टर असतं, दोन्ही गाड्यांत. ते भरत आलं की इंजिन जास्तीचं डिझेल जाळून फिल्टर तापवतं आणि काजळी राख करतं. त्यासाठी गाडी १५-२० मिनिटं सलग, साधारण ६० च्या पुढे चालावी लागते. रोज शाळा, भाजी आणि चार किलोमीटरवरचं ऑफिस असा वापर असेल तर ही प्रक्रिया अर्ध्यावर तुटते. पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. न जळालेलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं, पण वाढलेलं ऑइल हीसुद्धा धोक्याची खूण आहे. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा किंचित वर, गरम वास आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा चालू, अशी लक्षणं दिसली तर फिल्टरची सफाई चालू आहे असं समजा. गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा. असा वापर कायमचाच असेल तर सरळ एनचं पेट्रोल घ्या. शहरात ते लिटरला आठ-नऊच्या आसपास देतं, हे मान्य करूनच घ्या. डिझेल शहरात अकरा-बारा आणि हायवेला चौदा-पंधरा देतं. क्लासिकमध्ये पेट्रोलची सोयच नसल्यामुळे फक्त शहरात फिरणाऱ्या कुटुंबाने ती घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

आता तिसरी रांग. लांबीतले वाढलेले २०६ मिलिमीटर गेले कुठे? काही नाकाडात गेले, जिथे टक्कर झेलायला जागा लागते, आणि बरेचसे मधल्या रांगेला मिळाले. तिसऱ्या रांगेच्या वाट्याला फार काही आलं नाही. त्यात छत १३८ मिलिमीटरने खाली आलं, पण खालची चॅसी आणि ॲक्सल तिथेच राहिले, म्हणजे मागची फरशी उंचच राहिली. उंच फरशी आणि खाली आलेलं छत यांच्यामध्ये सीट बसवायची तर बैठक फरशीच्या जवळ ठेवावी लागते. परिणामी मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात आणि मांड्या सीटवर टेकत नाहीत. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ही जागा ठीक आहे. पुणे ते कोल्हापूर इतका वेळ तिथे मोठ्या माणसाला बसवू नये.

तिथे पोचण्याचा रस्ताही बघून घ्या. मधल्या रांगेचा फक्त डाव्या बाजूचा भाग पुढे उलटतो. फूटपाथच्या बाजूने उतरता यावं म्हणून हे योग्यच आहे, पण डावीकडे बाळाची सीट बांधलेली असेल तर वाट बंद. ज्यांच्याकडे लहान बाळ आहे त्यांनी बाळाची सीट उजवीकडे बांधायची आणि आईने मध्ये किंवा डावीकडे बसायचं, असं आधीच ठरवावं. मग दर वेळी तिसऱ्या रांगेतल्यांना चढ-उतार करताना आईला उठावं लागेल. सहा सीटच्या मॉडेलमध्ये मधे बसण्याचा प्रश्नच नाही, पण एक माणूस कमी होतो.

सामानाचं तर विचारूच नका. तिसरी रांग उघडी असली की तिच्या पाठीमागे पाठीवरच्या दोन-तीन सॅक उभ्या राहतात, बॅगा नाहीत. सीट दुमडून पुढे उलटवता येते, पण ती फरशीत सपाट मुरत नाही. दुमडलेली सीट स्वतःच जागा अडवून बसते. म्हणजे एन ही सात माणसांची गाडी आहे किंवा पाच माणसं आणि भरपूर सामानाची गाडी आहे. दोन्ही एकदम नाही. गणपतीला सातजण, आठवड्याचे कपडे, मखराचं सामान आणि येताना तांदळाचं पोतं, हा हिशेब हिच्यात बसत नाही. मग लोक टपावर कॅरिअर लावतात. कॅरिअरवर चढवलेलं वजन सर्वांत उंच जागी जातं आणि सस्पेन्शनने मिळवलेली स्थिरता तिथेच खर्ची पडते. लावायचंच असेल तर मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते ती पाळा. हलकं आणि फुगीर सामान वर, म्हणजे गाद्या, कपडे; धान्य, पाणी, गॅसची शेगडी खाली, मधल्या सीटच्या पायाशी.

क्लासिक इथे जिंकते का? जागेच्या बाबतीत काही प्रमाणात हो. उंच छतामुळे मागे डोकं मोकळं राहतं. ‘एस’ व्हेरिएंटमध्ये नऊ सीटची मांडणी मिळते, मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी. गावाकडे वापरणाऱ्यांना हीच मांडणी हवी असते: लग्नाला माणसं, एरवी बाकडी दुमडून खताची पोती. पण आडव्या बाकड्यांवर मुलांना बसवू नका. समोरून टक्कर झाली की पुढे तोंड करून बसलेल्या माणसाला पट्टा छाती आणि कमरेला धरतो. आडवं बसलेल्याचं शरीर कुशीवर फेकलं जातं आणि मान आणि बरगड्या ज्या दिशेला वाकायला बनलेल्याच नाहीत त्या दिशेला वाकतात. मोठी माणसं कमी वेगात शेताच्या रस्त्याने जातात तेवढ्यापुरती ती जागा ठीक. हायवेला तिथे कुणीच बसू नये.

सुरक्षेत तर दोन गाड्यांमध्ये एका पिढीपेक्षा जास्त अंतर आहे. गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली तेव्हा मोठ्या प्रवाशांसाठी तिला शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये एनला मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, ३४ पैकी २९.२५ गुण. ही दुसरी चाचणी अधिक कडक नियमांखाली झाली हेही लक्षात घ्या. आजच्या क्लासिकला दोन एअरबॅग आहेत, त्यामुळे २०१६ चा निकाल तिला जसाच्या तसा चिकटवणं बरोबर नाही. तरीही मूळ बांधणी जुनी आहे. मुलांच्या सुरक्षेत मात्र एनला तीनच तारे मिळाले, ४९ पैकी २८.९३. जाहिरातीत पाच तारे ठळक दिसतात, हे तीन दिसत नाहीत, आणि कुटुंबाची गाडी म्हणून बघताना मला हेच तीन जास्त महत्त्वाचे वाटतात.

म्हणून शोरूममध्ये या गोष्टी स्वतः हात घालून बघा. मधल्या रांगेत सीटच्या फटीत आयसोफिक्सचे धातूचे हुक हाताला लागले पाहिजेत. तुमची बाळाची सीट सोबत नेऊन अडकवून बघा. मधल्या सीटचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की नुसता कमरेचा, ते ओढून बघा. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पुढच्या सीटवर कधीही लावू नका, कारण समोरची एअरबॅग तिच्या पाठीवर फुटते. आणि एअरबॅग मोजा: एनच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये दोनच आहेत, सहा मिळतात त्या वरच्या व्हेरिएंटमध्ये. सनरूफ आणि सहा एअरबॅग यांतलं एकच बजेटमध्ये बसत असेल तर निवड कोणती करायची हे सांगायला नको.

रुंदीची किंमत गावच्या रस्त्यावर चुकवावी लागते. एकपदरी डांबरी रस्त्याची प्रमाण रुंदी ३.७५ मीटर. दोन क्लासिक समोरासमोर आल्या तर दोघींची मिळून रुंदी ३.६४ मीटर, दोन एन आल्या तर ३.८३. आरसे यात धरलेलेच नाहीत. म्हणजे दोन एनना एकमेकींना वाट द्यायची तर कुणाला तरी साइडपट्टीवर उतरावंच लागणार, आणि कोकणात पावसाळ्यात साइडपट्टी म्हणजे लाल चिखल. क्लासिकच्या चौकोनी बॉनेटची दोन्ही टोकं ड्रायव्हरला दिसतात, त्यामुळे अंदाज पटकन येतो. एनचं बॉनेट रुंद आणि समोरचे खांब जाड आहेत. डावीकडचा अंदाज बसायला वेळ लागतो. आरशात डावं मागचं चाक दिसेल इतका आरसा खाली करून सराव करा.

सोसायटीत पार्किंगची जागा साधारण २.५ बाय ५ मीटर असते. एन मध्यावर लावली तर दोन्ही बाजूंना २९ सेंटिमीटर उरतात, क्लासिकला ३४. दोन्हीत धडधाकट माणूसही नीट उतरू शकत नाही. आजी-आजोबांना गेटजवळ उतरवूनच गाडी आत न्यावी लागते. मागे ३४ सेंटिमीटर उरतात आणि एनचं मागचं दार वर उचललं जात नाही, बाजूला उघडतं. मागे भिंत असेल तर दार उघडणार नाही, सामान काढायला गाडी पुढे घ्यावी लागेल. ज्यांची जागा खांबांच्या मधे आहे त्यांनी बुकिंगच्या आधी टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवून एकदा तिथे लावून बघावी. डीलर पाठवतात, आग्रह धरावा लागतो.

चढण्याची उंची दोन्ही गाड्यांत ज्येष्ठांना जड जाते. बाजूला फूटबोर्ड बसवून घ्या, पण गोल चकचकीत पाइपाचा नको. पावसात चप्पल त्याच्यावरून सटकते. सपाट, खरखरीत रबराच्या पट्ट्या असलेला आणि किमान सहा इंच रुंद पाहिजे.

फोर-व्हील ड्राइव्ह एनच्या डिझेलमध्ये मिळते आणि ती नावापुरती नाही. कमी वेगात जास्त ओढ देणारा लो-रेशो गिअर आहे, मागच्या चाकांना यांत्रिक लॉक आहे, म्हणजे एकच चाक जागेवर फिरत राहत नाही. जुनी क्लासिक रिकामी असताना ओल्या गवतावर किंवा शेणाने माखलेल्या चढावर मागची चाकं जागेवर फिरवत राहते, कारण सगळं वजन पुढे इंजिनावर असतं. ज्यांचं घर डोंगराच्या अंगाला आहे, शेवटचे दोनशे मीटर कच्चे आहेत, त्यांना हा खर्च सार्थकी लागेल. बाकीच्यांनी ते पैसे वरच्या व्हेरिएंटमध्ये घालावेत. घेतलीच तर कोरड्या डांबरावर टू-व्हीलमध्येच चालवा. फोरमध्ये घट्ट वळण घेताना पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात, ओल्या जमिनीवर ती थोडी घसरून जुळवून घेतात. कोरड्या डांबरावर तो ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

दुरुस्तीच्या बाबतीत क्लासिकची बाजू अजून भक्कम आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. तिचं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक: पंप, पट्टा आणि तेल. तेल गळलं तर जमिनीवर डाग दिसतो, कुठल्याही तालुक्याच्या फिटरला सील बदलता येतं. एनचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. तेल नाही, गळती नाही, शहरात एका बोटाने वळतं, पण बिघडलं तर स्कॅनर लागतो. एनमध्ये बॅटरी कमजोर झाली की एकाच वेळी तीन-चार इशारे डॅशबोर्डवर पेटतात आणि माणूस घाबरतो. अशा वेळी सेन्सर बदलायच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा: इंजिन बंद करून काही तास झाल्यावर १२.४ व्होल्टच्या वर असायला हवं, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. निम्म्या तक्रारी टर्मिनल साफ करून घट्ट केल्यावर जातात.

सनरूफवाली एन घेतली असेल तर पावसाळ्याआधी त्याच्या कडेच्या पन्हळी साफ करा. सनरूफ पाणी पूर्णपणे अडवत नाही. कडेने झिरपलेलं पाणी पन्हळीत जमतं आणि खांबांतून जाणाऱ्या नळ्यांनी खाली पडतं, अशीच त्याची रचना असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा नळीच्या तोंडाशी बसतो आणि पाणी छताच्या कापडावर उतरतं. छप्पर उघडून पन्हळ ओल्या फडक्याने पुसा, प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता आणि ते चाकांजवळ खाली पडतंय का ते बघा. नळीत तार घालू नका, कॉम्प्रेसरची हवाही जोरात मारू नका. आतला जोड निसटला तर छताचं अख्खं अस्तर काढावं लागतं.

दिव्यांत एन उजवी आहे, पण पांढरा एलईडी प्रकाश आंबोली किंवा माळशेजच्या दाट धुक्यात समोरच पांढरी भिंत उभी करतो. हाय बीम बंद, फक्त लो बीम आणि खालचे फॉग लॅम्प, वेग कमी.

पैशांचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आला, त्यामुळे जुन्या किमतींचे व्हिडिओ बघून बजेट ठरवू नका. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीला दहा ते वीस लाखांपर्यंत १४ टक्के आणि वीस लाखांच्या वर १५ टक्के रोड टॅक्स लागतो; पेट्रोलला तोच १२ आणि १३. टक्केवारी पूर्ण किमतीवर लागते. १९.९० लाखांच्या डिझेलला टॅक्स २,७८,६०० आणि २०.१० लाखांच्या डिझेलला ३,०१,५००. वीस लाखांच्या काठावरचं व्हेरिएंट निवडताना हे जास्तीचे तेवीस हजार कोटेशनमध्ये शोधा.

पाच माणसांचं घर, कधीमधी मुलांचे दोन मित्र मागे: एन, १७५ पीएसचं डिझेल ऑटोमॅटिक, टू-व्हील, सहा एअरबॅगवालं व्हेरिएंट. दर आठवड्याला सात मोठी माणसं बॅगांसह जाणार असतील तर या दोन्ही गाड्या तुमच्यासाठी नाहीत. त्या पैशांत इनोव्हासारखी एमपीव्ही बघा. शेती, खराब रस्ता, जवळ साधं गॅरेज आणि खूप माणसं, पण वेग कमी: तिथे क्लासिक अजूनही कामाची आहे.

जुनी एन सेकंडहँड घेत असाल तर एक गोष्ट नक्की तपासा. १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या मॅन्युअल गाड्यांपैकी ६,६१८ एन कंपनीने क्लचजवळच्या बेल हाउसिंगमधल्या रबरी बेलोच्या (घडीदार आवरणाच्या) तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते काम झाल्याची नोंद मागा. नोंद नसेल तर व्यवहाराआधी विक्रेत्याकडून ते करून घ्या, आणि पहिल्यांदा चालवताना क्लच दाबून सोडताना पेडल हलक्या हाताने पूर्ण वर येतंय का ते बघा.